अर्ध्या मताचे नाना

ज्याने आयुष्यभर फक्त कचेरीची पत्रे लिहिली, त्याने उतारवयात एखाद्या माणसाविषयी लिहू धजावे, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. पण कुवेतमधल्या आमच्या शेजारीणबाईंच्या वडिलांइतका लोकशाहीवर अगतिक प्रेम करणारा माणूस मी पुढे कोठेच पाहिला नाही, आणि त्यांच्याविषयी लिहिणारे माझ्याखेरीज आता कोणी उरलेले नाही.

दाभोळच्या बंदरात गलबतांची नोंद ठेवता ठेवता ते निवृत्त झाले आणि लेक-जावयाकडे, कुवेतच्या खैतान भागात, आमच्या गल्लीत येऊन राहिले. नातवंडे 'नाना' म्हणत, म्हणून आम्ही सारेच म्हणू लागलो. जावयाला रात्रपाळी असे. तो दिवसा दोन खोल्यांपैकी एकीत झोपे आणि दुसरीत लेकीचे शिवणयंत्र चाले. त्यामुळे नाना दुपारभर घराबाहेर असत आणि सापडेल त्याला हक्क मिळवून देत. इराणी भट्टीवर खुबूस घेताना मोठी माणसे आम्हा पोरांना मागे ढकलत, तेव्हा नाना मोडक्या अरबीत असे काही भाषण करत की भट्टीवाला त्यांना गप्प करण्यासाठी पहिली भाकरी आमच्या हातात ठेवी. नाना तिला 'सनदशीर विजय' म्हणत.

गल्लीतल्या आम्हा मराठी माणसांच्या मंडळाची एक खोली होती. तीत बाकडी, बोटीने आलेली तीन आठवड्यांपूर्वीची वर्तमानपत्रे आणि सगळ्या गल्लीतला एकमेव कूलर. दुपारी कमावते कामावर असत, म्हणून तो गारवा शाळकरी पोरांच्या आणि पेन्शनर म्हाताऱ्यांच्या वाट्याला येई. मग कार्यकारिणीच्या मनात आले की बाकडी काढून तेथे टेबल टेनिसचे टेबल बसवावे. प्रश्न मताला पडणार होता, आणि मंडळाच्या घटनेनुसार ज्याला पगार त्यालाच मत.

"कमावत्यांना मत हाय, पण विचार करायला येळ नाय," नाना आम्हाला जिन्यात जमवून सांगत. "आपल्याला येळच येळ हाय, मत तेवढा नाय!" या जिन्यातल्या सभांचे ते रीतसर इतिवृत्त ठेवत. आम्ही गणिते सोडवत असू, म्हातारे पेंगत असत. एकदा कोणीसे घोरले तेव्हा नानांनी ते 'अनुमोदन' म्हणून नोंदवले.

अखेर पोरांना आणि पेन्शनरांनाही मत हवे, असा अर्ज घेऊन ते मंडळाच्या सभेत उभे राहिले. चिटणीस मिस्कील गृहस्थ होते. म्हणाले, "नाना, शाळकरी पोर म्हणजे अर्धा माणूस. आणि पेन्शनर, रागावू नका हं, उरलेला अर्धा. दोघांत मिळून एक मत घ्या!"

सभा खदखदून हसली. हसू ओसरायच्या आत नाना म्हणाले, "मंजूर! लिवून घ्या." आणि ते लिहून घ्यावे लागले.

मग जोड्या लागल्या. घरचा धाक नको म्हणून आजोबा-नातू एकत्र ठेवायचे नाहीत, आणि जोडीचे एकमत झाले नाही तर चिठ्ठी कोरी टाकायची, हे नियम नानांचेच. दोन महिने गल्लीत विलक्षण दृश्ये दिसत होती. शाळेत नापास झालेला एक मुलगा निवृत्त मास्तरांना घटना समजावून सांगत होता, आणि मास्तर बोट वर करून शंका विचारत होते. माझी जोडी प्रत्यक्ष नानांशी लागली. मी घरीसुद्धा चारचौघांत तोंड न उघडणारा मुलगा. आपण फक्त चिठ्ठीचे दुसरे टोक धरायचे, असे मी गृहीत धरले होते.

मतदानाच्या दिवशी नाना पेन्सिल काढून थांबले. "काय रे पोरा, तुला काय वाटता ता बोल."

मला काय वाटते हे तोवर मला कोणीही विचारले नव्हते. त्या नवलाईतच मी बोलून गेलो, "टेबल."

"टेबल?"

"हो."

"खेळता येता तुला?"

"नाही. शिकायचंय."

नानांनी एकदा कूलरकडे पाहिले. म्हणाले, "दोन महिने मीच बोंबलतोय, पोरांना विचारा म्हणून. आता विचारला, तर ऐकायला नको?" आणि त्यांनी कोऱ्या चिठ्ठीची नीट घडी घातली.

टेबल एका मताने जिंकले. बरोबरी झाली असती तर खोली होती तशीच राहायची होती. "एक चिठ्ठी कोरी," चिटणीस हसत म्हणाले, "कोणाची ही अक्कल?" नाना ताठ उभे राहिले. "इतिवृत्तात लिवा," ते म्हणाले, "एका जोडीचा मत विचारपूर्वक कोरा."

बाकडी गेली, आणि तो उन्हाळा नानांनी जिन्यात, डोक्यावर ओला पंचा घेऊन काढला. आत मी दुपारभर गारव्यात चेंडू जाळ्यात घालत असे, आणि बाहेरून त्यांची हाक येई, "जमता काय रे?" जमत नव्हते, मी मात्र "हो" म्हणत असे. पुढच्या हिवाळ्यात ते बोटीने दाभोळला परतले, आणि त्यानंतर कधी भेटले नाहीत.

आता मीही निवृत्त आहे आणि लेकीकडे राहतो. माझे मत कोणी विचारले की अजून जीभ अडखळते, कारण ज्या एका वेळी मी खरे बोललो, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. 'खोली' एवढे दोनच अक्षरांचे खोटे मी बोललो असतो, तर नाना कूलरखाली बसले असते. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असते?