हसायचे कुठे, हे शेवटच्या पानांवर

शुक्रवारी सकाळी पुण्याहून लातूरच्या बसमध्ये बसले, तेव्हा पिशवीत एक जोडी कपडे आणि मीच केलेले एक पुस्तक होते. जर्मन भाषेतल्या कोट्या आणि थट्टेची वाक्ये मी त्यात मूळ वाक्य शेजारी ठेवून इंग्रजीत आणली आहेत. कोटी दुसऱ्या भाषेत नेताना बहुधा मरते, म्हणून जिथे जमले तिथे शब्दाला शब्द ठेवला. वाचणारा निदान हसावा.

चार दिवसांपूर्वी लातूरहून एका नर्सचा फोन आला होता. "ताई, तुमच्या पुस्तकातलं वाक्य म्हणलं अन् मला मुलाखतीत काढलं. माझं चुकलं काय, तेवढं सांगा."

शीतल शिरूर अनंतपाळची. लातूरच्या खासगी दवाखान्यात चार वर्षे नोकरी करून ती आता जर्मनीतल्या एका रुग्णालयात जाण्यासाठी क्लास लावून जर्मन शिकते; ते वाक्य तिथेच शिकवले होते. पडद्यावरच्या मुलाखतीत तिकडच्या मुख्य परिचारिकेने विचारले, रुग्ण दगावला तर नातेवाइकांना कसे सांगाल? शीतलने सांगितले, "तो आता मुळ्याचे कंद खालून बघतोय." माणूस मातीखाली गेला, हे जर्मन लोक थट्टेने असे म्हणतात. मुलाखत तिथेच थांबली. दोन दिवसांनी मेल आला: शनिवारी नांदेडच्या केंद्रावर, पुन्हा पडद्यावरूनच, दुसरी संधी, आणि तीच शेवटची.

दुपारी लातूरच्या स्टँडवर ती डबा घेऊन उभी होती. डब्यात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) होता. "आधी खा, मग भांडा," ती म्हणाली. मी क्लासमध्ये भांडायला आले आहे, हे तिने ओळखले होते.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलींचे फोटो. आत वीसेक मुली एका सुरात म्हणत होत्या: मृत्यू, पाच पर्याय. त्यातला चौथा पर्याय मुळ्याचे कंद हा होता. कोणीही हसत नव्हते.

क्लासचे सर खुशीत होते. "मॅडम, तुमच्या पुस्तकामुळं पोरी फाडफाड बोलून राहिल्यात. वाक्प्रचार घातला की मार्क वाढतेत. मी दहावीच्या पोरांना बी हेच शिकवायचो."

मी बाकावरची झेरॉक्स प्रत उचलली. मुखपृष्ठ माझे, नाव माझे. शेवटची चाळीस पाने नव्हती.

"टिपा कुठे आहेत?"

"त्या परीक्षेला येत न्हाईत. झेरॉक्स उगं जाड व्हतं."

कोणते वाक्य कोण, कुणाला, कुठे म्हणतो, हे त्या टिपांत होते. मुळ्याच्या वाक्याची टीप अशी: म्हातारा माणूस मित्रांत स्वतःच्या मरणाबद्दल बोलताना, दुःखात असलेल्या घरी कधीही नाही. मी आवाज न चढवता सांगितले, की मला न विचारता छापले ते बाजूला ठेवा. पण या मुली उद्या मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी उभ्या राहणार आहेत, आणि तुम्ही त्यांच्या हातात थट्टा दिली आहे.

"मॅडम, राग नका धरू. चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. सर शीतलकडे वळले. "तू उद्या जाऊ नको. दुसऱ्यांदा पडलीस तर आपला निकाल बिघडतो. दुसरं एखादं हॉस्पिटल बघू."

"मेल मला आलाय सर. क्लासला न्हाई."

शनिवारी सकाळच्या एसटीत मी तिला एक उत्तर लिहून दिले. सभ्य, निर्दोष जर्मन, दोन वाक्ये. तिने तीनदा म्हटले आणि कागदाची घडी केली. "हे बी पाठांतरच हाय की, ताई."

चाकूर मागे पडल्यावर चाक बसले. सगळे खाली उतरलो. दोन्ही बाजूंना काढलेल्या सोयाबीनचे ढीग, काळ्या रानात नुसती धसकटे. मुलाखत बाराला होती. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी शीतलला विचारले, "कुठं चाललीस गं माय?"

"जर्मनीला."

"ह्या गाडीनं?"

कंडक्टर चाकाशी वाकला होता, तिथूनच म्हणाला, "मावशी, आधी अहमदपूर येऊ द्या."

सगळे हसले, शीतलही. कोणाला कुठे हसवायचे, हे त्या कंडक्टरला कोणी शिकवले नव्हते.

विष्णुपुरीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. धरणाच्या बाजूने वारा येत होता. शीतल पुढे पळत होती, मी मागे. केंद्राच्या हॉलच्या दारातल्या बाईंनी यादी पाहिली, घड्याळ पाहिले, मग शीतलच्या मोबाइलवरचा मेल पाहिला आणि आत सोडले. मला मागच्या खुर्चीवर गप्प बसायला सांगितले.

पडद्यावरच्या बाईंनी तोच प्रश्न विचारला. शीतल इतका वेळ थांबली, की दारातल्या बाई आवाज तपासायला उठल्या. मग ती तुटक जर्मनमध्ये बोलू लागली. "मी खुर्ची देते. सांगते, तुमचे वडील वारले. मग उभी राहते. पाणी आणते. लगेच सही मागत नाही."

"मागच्या वेळी तसं का म्हणालात?"

"पुस्तकात होतं. त्या मागं बसल्यात, त्यांचं."

बाईंनी पडद्यातून माझ्याकडे पाहिले. मी उभी राहिले. त्यांनी पुढचा प्रश्न शीतलला विचारला, सुया टोचण्याबद्दल.

चार वाजता निवडीच्या यादीत तिचे नाव लागले. शीतल पायरीवर बसली आणि वडिलांना फोन केला. तो ठेवते तोच सरांचा आला. "फोटो पाठव, आजच फ्लेक्सला टाकतो." तिने "न्हाई" म्हणून फोन कापला.

परतीच्या बसमध्ये मला हलके वाटत होते. मी सरांविषयी बोलत राहिले, कापलेल्या पानांविषयी. शीतलने ऐकून घेतले, मग विचारले.

"ताई, टिपा शेवटी का ठेवल्या व्हत्या?"

मी खरे ते सांगितले. टिपेमुळे गंमत मोडते असे प्रकाशकाचे म्हणणे होते. मला ते पटले.

"औषध कसं घ्यायचं, ते बाटलीवरच लिहितेत. दुसऱ्या खोलीत ठेवत न्हाईत." ती रागावून बोलली नाही, ड्यूटीवर बोलावे तशी बोलली. नंतर खिडकीला डोके टेकून झोपली.

पुण्याला पोचल्यावर मी प्रकाशकाला लिहिले, की टिपा त्या त्या वाक्याखाली आल्याशिवाय पुढची आवृत्ती काढू नये. अजून उत्तर नाही. सरांवरचा राग उतरलेला नाही, उतरायचे कारणही नाही. पाने त्यांनी कापली. पण कापली तरी पुस्तक धड दिसेल, अशा जागी ती मी ठेवली होती.