तिसऱ्या फ्लॉपीतली उरलेली जागा

सूर्यभान सोनकांबळे शाळेत असताना आठवड्यातले चार दिवस वर्गाबाहेर उभे असायचे, कारण एकच: प्रश्न फार विचारायचे. पन्नाशी उलटली तरी ही खोड गेली नाही. इस्त्री बिघडली की दुरुस्तीला नेण्याआधी ती उघडून बघायची, आणि मग दुकानदाराकडे पिशवीतून सुटे भाग घेऊन जायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या पत्नी केसरबाई म्हणायच्या, "ह्यांना उघडता येत नाही अशी एकच चीज हाय घरात, ती म्हंजे मी."

असा माणूस हैदराबादेत हिमायतनगरातल्या एका कंपनीत रेकॉर्ड सांभाळायला होता. सन दोन हजारच्या आगेमागे त्या कंपनीत वेगवान इंटरनेट आलं, आणि सूर्यभानना घबाड सापडल्यासारखं झालं. नारायणगुड्याच्या घरी त्यांनी मुलाच्या निमित्ताने कॉम्प्युटर घेतला होता. मुलगा शिकायला पुण्याला गेला, कॉम्प्युटर बापाच्या ताब्यात आला. पण घरचं इंटरनेट फोनच्या तारेवरचं. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमला दर आठवड्याला नव्या व्हायरसांची यादी लागते, ती उतरवायला बसलं की तासभर फोन अडकायचा आणि नव्वद टक्क्यांवर लाइन तुटायची. त्यावर सूर्यभाननी युक्ती काढली. साहेबांना विचारून शनिवारी दुपारी ते ऑफिसात ती यादी उतरवायचे आणि फ्लॉपीवर घालून घरी आणायचे. यादी एका फ्लॉपीत मावत नसे. तिचे तुकडे करून तीन फ्लॉप्या भराव्या लागत. तिसरी अर्धीच भरायची.

आता स्वतःचं काम झालं की गप्प बसावं ना? ते ह्यांच्या स्वभावात नव्हतं. ओळखीच्या मराठी घरांपैकी कोणाकोणाकडे कॉम्प्युटर आहे, याची चौकशी त्यांनी केली आणि रविवारची फेरी सुरू झाली. सकाळी स्कूटरवर निघायचं. आधी हिमायतनगरात भामाबाई शिंद्यांकडे, मग सुलतान बाजारच्या मागे मुकुंदराव देशमुखांकडे, शेवटी रेणुकाकडे. रेणुका बँकेत नोकरीला होती आणि रविवारी उशिरा उठायची, म्हणून ती शेवटची. प्रत्येक घरी तीन फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या, यादी चढवायची, चहा प्यायचा, पुढे निघायचं.

फेरीच्या दुसऱ्याच रविवारी भामाबाई अडून बसल्या. भामाबाई म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वय अडुसष्ट, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"सूर्यभान, तुमची ही तिसरी फ्लॉपी अर्धी रिकामी आहे म्हणता?"

"हौ बाई."

"मग ती अशीच कशी परत देऊ? शेजारचं भांडं आपण रिकामं परत करतो का?"

आणि त्यांनी उरलेल्या जागेत चकलीच्या भाजणीचं प्रमाण टाइप करून घातलं. ते मुकुंदरावांच्या घरी उघडलं गेलं. मुकुंदरावांनी वाचून मान डोलावली आणि भर म्हणून एका जुन्या बाजाराच्या दिवसाचं वर्णन घातलं. रेणुकाने ऑफिसातल्या सहलीचा फोटो घातला. बघता बघता पद्धतच पडली. कोणी काय ठेवलं ते सांगायचं नाही, पुढच्या घराने ओळखायचं, हा खेळही त्यात आला. सूर्यभानना मात्र सगळं ठाऊक असे, कारण फ्लॉपी त्यांच्यासमोरच भरली जायची, आणि घरी येऊन ते एका वहीत टिपून ठेवायचे. फ्लॉप्याही पुसत नसत. दर रविवारचा संच सुतळीने बांधून, वर तारीख लिहून कपाटात ठेवायचे. का, असं केसरबाईंनी विचारलं तर म्हणायचे, "कधी लागल काय की!"

केसरबाईंना या उद्योगातली एकच गोष्ट आवडायची, आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी तिथल्या देशमुखांच्या वाड्यावरून त्यांच्या घराकडे भरलेलं भांडं कधी आलं नव्हतं. इथे हैदराबादेत दर रविवारी देशमुखांच्या घरून काहीतरी भरून यायचं. "खायचं नसू दे," त्या म्हणाल्या, "पण येतंय तर."

मग ऑगस्टात एका बुधवारी मुकुंदरावांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

मुकुंदराव अकरा महिने एक काम करत होते. जुन्या निजामी मुलखातल्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द ते गोळा करत होते. उर्दूतून आलेले, तेलुगूतून आलेले, आजीच्या तोंडचे. नातवंडांना मराठी धड वाचता येत नाही, तर निदान कुठेतरी लिहिलेलं राहावं म्हणून. दोन बोटांनी टाइप करत ते 'भ'पर्यंत आले होते. त्या बुधवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर सगळ्या फायली पोकळ. नावं जागच्या जागी, आत काही नाही.

सूर्यभान रजा टाकून धावले. तासभर खटपट केली. काही हाती लागलं नाही.

"तुमी दर हफ्त्याला व्हायरसचा बंदोबस्त करत व्हते ना?" मुकुंदराव म्हणाले. ते चिडले नव्हते, आणि सूर्यभानना त्याचंच जास्त लागलं. "मग हे आलं कुठून?"

हाच प्रश्न सूर्यभानच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. दुःख झालं होतं, खरंच झालं होतं, पण खोटं कशाला सांगा, त्या दुःखाच्या खाली कुतूहलही जिवंत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. शनिवारी नवी यादी मिळाली. ती त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर चढवली, कपाटातले सगळे संच जमिनीवर मांडले आणि एकेक तिसरी फ्लॉपी तपासायला बसले. जेवायला उठले नाहीत. जून साफ. जुलैचे पहिले दोन आठवडे साफ. तिसऱ्या आठवड्याची फ्लॉपी घातली आणि पडद्यावर तांबडी पाटी आली.

फाइल होती नाचणाऱ्या हत्तीची. उघडली की हत्ती सोंड वर करून गिरक्या घ्यायचा, वाजंत्री वाजायची. त्या रविवारी सगळ्यांना काय आवडला होता तो! बाकीच्यांनी तो पाहून पुसून टाकला होता, मुकुंदरावांनी मात्र नातवंडांसाठी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता. हत्ती नाचत असताना आत शिरलेला व्हायरस महिनाभर दडी मारून बसला होता. तेव्हाच्या यादीत त्याचं नावच नव्हतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. व्हायरस पकडायला निघालेल्या फ्लॉपीनेच तो घरात नेऊन सोडला होता. सूर्यभाननी वही उघडली. तारखेसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: भामाबाई, नाचणारा हत्ती, युवराजने अमेरिकेहून पाठवलेला.

युवराज म्हणजे बाईंचा नातू. मुलगा आणि सून अपघातात गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवला. आता त्याची पत्रं फक्त कॉम्प्युटरवर यायची, फोटोही तिथेच. बाईंनी पासष्टाव्या वर्षी माउस धरायला शिकून घेतलं ते त्याच्यासाठी.

सूर्यभाननी वही मिटली. बाईंचा स्वभाव त्यांना चांगला ठाऊक होता. स्कूटी चालवायच्या एके काळी. एकदा एका म्हाताऱ्याला जरासा धक्का लागला, खरचटलंसुद्धा नव्हतं, तर त्याच दिवशी किल्ली शेजाऱ्याला देऊन आल्या आणि पुन्हा हँडलला हात लावला नाही. आपल्या हातून मुकुंदरावांचे अकरा महिने गेले हे कळलं तर त्या कॉम्प्युटरवर चादर टाकणार, आणि त्या चादरीखाली नातूही जाणार.

सगळ्यांना उत्तर हवं होतं. मुकुंदरावांनी रविवारी आपल्या घरी बोलावलंच होतं. आयुष्यभर उत्तर सापडलं की सूर्यभानना ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नसे. या वेळी ते गिळायचं होतं.

दोष आपल्यावरच घ्यायचा, असं त्यांनी केसरबाईंना सांगितलं. त्या भडकल्याच.

"आपलं नाव घेणार? वा रे वा! त्या घरात आपल्याकडून घाण आली म्हणून सांगणार? तसं म्हणायला लोकाला आधीच काय कमी तोंडं हायत? तुमच्या तोंडानं कायको सांगता?"

सूर्यभाननी त्या फ्लॉप्यांचा संच पुन्हा सुतळीने बांधला. बायको चूक बोलत नव्हती, आणि तेच त्यांना सर्वांत जड गेलं. मग म्हणाले, "मी फ्लॉपी तपासली नाही न, केसर. हत्ती मलाबी आवडला. मीच पुढं नेला. एवढं तर खरंच हाय."

"मग मीबी येते," केसरबाई म्हणाल्या. "एकट्यानं नका ऐकून घेऊ."

देशमुखांच्या घरी केसरबाई पहिल्यांदाच गेल्या. बैठकीच्या खोलीत मुकुंदराव, रेणुका आणि भामाबाई बसलेले. सूर्यभान उभेच राहिले.

"व्हायरस माझ्याकडून आला," ते म्हणाले. "फ्लॉपी तपासायला पाहिजे होती. तपासली नाही. मुकुंदराव, माफी मागतो."

मुकुंदराव खिडकीकडे बघत राहिले. रेणुकाने काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण भामाबाईंनी हाताने तिला थांबवलं.

"अहो, तपासली नाही म्हणजे काय?" आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत गेला. "लोक विश्वासाने दार उघडतात तुम्हाला! अकरा महिन्यांचं काम हो त्यांचं! वहीत आमच्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवता, आणि जे बघायचं ते बघत नाही? माझ्या शाळेतल्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर उभं केलं असतं!"

केसरबाई जागच्या जागी ताठ झाल्या. त्यांच्या ओठांवर शब्द आलाच होता. सूर्यभाननी न वळता त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो काढला नाही. भामाबाईंबद्दल त्यांना राग आला आणि त्याच वेळी अपार माया वाटली, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचंही त्यांना नवल वाटलं.

"चुकलं बाई," ते म्हणाले.

"चुकलंच. आता ऐका. पुढच्या रविवारपासून फ्लॉपी आधी माझ्याकडे आणायची. मी स्वतः माझ्या कॉम्प्युटरवर तपासणार. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पुढच्या घरी जायची नाही. समजलं?"

"हौ बाई."

मुकुंदराव त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढे दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. शब्दांची यादी त्यांनी पुन्हा 'अ'पासून सुरू केली, या वेळी हाताने, कागदावर.

जिना उतरून दोघं रस्त्यावर आले. सुलतान बाजारची गर्दी, रिक्षांचे भोंगे. केसरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढं टाकून बोलली ती तुमाला," त्या म्हणाल्या. "तिच्याच घरचं, आन् तीच! आन् तुमी हसताय?"

सूर्यभान खरंच हसत होते. स्कूटरची किल्ली त्यांना खिशात सापडेना.

"रविवारी कॉम्प्युटर लावणार म्हणाल्या," ते म्हणाले. "ऐकलीस न तू? बाई स्वतः लावणार म्हणाल्या."