परातीतली बी

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारायचे — पुरावा काय? तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, सवय जात नाही. आज माझ्याकडेच पुरावा नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी डहाणूला राहते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले त्याचं काही नाही, पण औषधाने नसा दुखावल्या. बोटं, तळवे पार बधिर. ब्लाउजचे हूक यांना लावून द्यावे लागतात. चप्पल पायातून निसटते आणि मी तशीच बाजारात पुढे... मागून कोणीतरी ओरडतं, "बाई, चप्पल राहिली!" लाज वाटते हो, फार.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने व्यायाम दिला — परातीत तांदूळ, त्यात चिकूच्या बिया. डोळे मिटून बोटांनी शोधायच्या. दोन महिने रोज दुपारी बसले. एकही बी बोटांना लागली नाही.

त्या दिवशी लागली. सव्वाबारा वाजले होते. पण भोवती तांदूळ नव्हते... मऊ, उबदार अंग होतं, आणि आत टणक बी. हा स्पर्श मी कशी विसरेन? माझी गाठ मला अशीच सापडली होती. दचकून डोळे उघडले, तर बोटं तांदळातच.

माझी मुलगी मनू तलासरीला शिक्षिका आहे. का कोण जाणे, तिलाच फोन लावला.

"कुठे आहेस?"

"शाळेत. मधली सुट्टी आहे. का गं?"

"मनू, आत्ता काय चाचपत होतीस?"

पलीकडून हुंदका.

"आई... तुला कोणी सांगितलं? आठ दिवस झाले गं. तुझंच एवढं चाललंय, म्हणून बोलले नाही."

बसची वाट बघायचा धीर नव्हता. यांनी गाडी ठरवली, तासाभरात तिच्यापाशी पोचलो. आता गाठीचा तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट सोमवारी.

डॉक्टर म्हणतात, दुखावलेल्या नसा कधीकधी खोटे भास देतात. देत असतील. पण मनूची गाठ खोटी नाही. माझ्या बोटांना ती कशी कळली, ते मला सांगता येत नाही. आणि गाठ कसली आहे, ते बोटांनी सांगितलं नाही.

बियांकडे बघवत नाही, त्या काढून टाकल्या. तरी रोज सव्वाबाराला तांदळात हात घालून बसते. मी, विज्ञानाची बाई, स्वतःच्या बोटांच्या विनवण्या करते... साधी गाठ आहे, एवढं तरी सांगा. बोटांना तांदूळसुद्धा जाणवत नाहीत.