कोपऱ्यातली गोगलगाय

लाँड्रीवाल्या काकू कपड्यावरचा कुठलाही डाग विचारल्याशिवाय काढत नाहीत. "हा घालवायचा की ठेवायचा?" नवीन गिऱ्हाईक हसतं. हसू दे. एका बाईंनी कोटावरचा शाईचा डाग तसाच ठेवायला सांगितला होता. गेलेल्या नवऱ्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं. कुणाची माया कशात अडकली असेल ते धुणाऱ्याने ठरवू नये, असं काकूंचं साधं मत आहे.

काकूंचे वडील मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. कामात इतके संथ, की आई त्यांना गोगलगायच म्हणायची. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, चित्रात घेतलं. सहीऐवजी प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नखाएवढी गोगलगाय. ती शोधता शोधता काकू वाचायला शिकल्या, पुढे त्यांचा मुलगा शिकला, आणि आता नातीची पाळी होती.

म्हणून काकूंनी वडिलांच्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती आणली. नात इस्त्रीच्या टेबलाखाली बसून शेवटच्या पानापर्यंत गेली.

"आजी, यात गोगलगाय नाहीच."

काकूंनी चष्मा लावून पानन् पान पाहिलं. वडील पुन्हा एकदा गेले असं वाटलं.

त्या प्रकाशकाकडे गेल्या. तिथले व्यवस्थापक गोड बोलणारे. जुन्या पानांवरची चित्रं घेताना संगणकावर डाग साफ केले, त्यात हे ठिपकेही गेले, म्हणाले. "आणि काकू, तुमच्या वडिलांनी सगळे हक्क आम्हाला विकलेत. त्यांना जाऊनही आता जमाना झाला."

काकू परत आल्या, पण गप्प बसल्या नाहीत. धाकटी जाऊ वकील. तिच्यापुढे पुस्तक ठेवलं.

"विकला तो छापायचा आणि कमवायचा हक्क," जाऊ म्हणाली. "चित्र माझं आहे, त्याची मोडतोड करू नका, असं म्हणायचा हक्क वेगळा. तो कलाकाराकडेच राहतो."

"पण कलाकारच राहिला नाही ना."

"काही देशांत तो माणसाबरोबर संपतो. काही ठिकाणी कॉपीराइट असेपर्यंत टिकतो. आपल्याकडे त्याला मुदतच नाही. माणूस गेला की वारसांनी सांभाळायचा. तुम्ही एकुलत्या एक, म्हणजे तुम्हीच."

काकू दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन पुन्हा तिथे हजर. कायद्याचं जाऊ बोलली. काकू एवढंच म्हणाल्या, "साहेब, डाग काढायचा माझाही धंदा आहे. मी आधी विचारते."

व्यवस्थापक ओशाळून हसले आणि पुढच्या छपाईत सगळ्या गोगलगायी परत घालायचं कबूल केलं. "दिसायला गोगलगाय आणि पोटात पाय," असं जाऊ वाटभर चिडवत होती. काकूंना ते फार आवडलं.

नवं पुस्तक आलं तेव्हा काकू एका शर्टाची कॉलर इस्त्री करत होत्या. टेबलाखालून आवाज आला, "सापडली!" मग थोड्या वेळाने, "आजी, ही आता कायमची?"

"कुणी लक्ष ठेवलं तर."

"कोण ठेवणार?"

"आत्ता मी. मग तुझे बाबा. मग तू."

"आणि मी म्हातारी झाले की?"

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"मग तुझी नातवंडं. गोगलगायीला कुठे घाई आहे?"