सांभाळून ठेवलेला टोन

फोन दुरुस्त करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेस्टर काढायला बॅगेत हात घातला की सोल्डरच्या तुकड्यांसोबत तेही हाताला लागतात. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, कारण म्हाताऱ्यांची लेक्चरं ऐकवत नव्हती. आणि मग नोकरी कसली मिळाली, तर ऑफिसांतल्या म्हाताऱ्यांचे फोन दुरुस्त करायची. हे किस्से सगळे अंधेरीतल्या एकाच पंपाच्या कंपनीतले, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराचे.

तिथे आम्ही नवं एक्स्चेंज बसवलं होतं. आधी बाहेर फोन करायचा तर ऑपरेटरकडे लाइन मागायची; आता शून्य फिरवलं की बाहेरचा टोन आपोआप. बाहेरच्या लाइनी चार. दोन महिन्यांत तक्रार आली: सकाळी साडेनवानंतर शून्य फिरवलं की नुसतं एंगेज. ऑर्डरी अडल्या. जनरल मॅनेजर कारखानीस म्हणाले, "शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर ऑपरेटरला काढतो. तीच गप्पा मारत लाइनी अडवते."

ऑपरेटर म्हणजे लिली परेरा. आंबोलीच्या गावठाणातली, तेरा वर्षं त्याच खुर्चीत, घरात कमावणारी ती एकटी. मी तिला आंटी म्हणायचो, ती मला "ए इंजिनीअर" म्हणायची. मी डिप्लोमा सोडलाय हे तिला पक्कं माहीत होतं.

*

माझे सुपरवायझर चौबळसाहेब. तीस वर्षांचा अनुभव, असं ते स्वतःच सांगायचे. मंगळवारी आले, एक्स्चेंजच्या पेटीवर हात ठेवला, ताप बघावा तसा. चहा घेतला. रिपोर्ट लिहिला: "यंत्र उत्तम. ऑपरेटर बदलावी."

मी म्हटलं, "साहेब, पेटी उघडली तरी का?"

"उघडायला काय, पोरगाही उघडतो. अनुभव झाकणावरून ओळखतो."

मग मी उघडली. आत खरंच सगळं ठीक होतं. म्हाताऱ्याचं अर्धं बरोबर निघालं, याचाच जास्त राग आला.

*

अकाउंट्सचे साठे स्वतःला टेक्निकल समजत. रोज दहा वाजता ते 'टेस्टिंग' करत आणि वहीत "आउटगोइंग बंद" असं लाल शाईने लिहीत. बुधवारी मी शेजारी उभा राहून बघितलं. त्या वेळी नशिबाने त्यांना बाहेरचा टोन मिळाला. त्यांनी नंबर फिरवला, ऐकलं, आणि विजयी चेहऱ्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. एंगेज.

"कुठला नंबर लावलात?"

"आपल्याच ऑफिसचा. दुसऱ्याला कशाला त्रास द्यायचा?"

"साहेब, स्वतःच्या दारावर आतून टकटक करून घरी कोणी नाही म्हणताय तुम्ही."

त्यांनी माझी तक्रार केली. तीही लाल शाईने.

*

स्टोअरमधल्या फोनला डायलचं कुलूप होतं, कोणी बाहेर फोन करू नये म्हणून. किल्ली साठ्यांच्या खिशात. तरी स्टोअरकीपर गावडे रोज कांजूरमार्गला शेजाऱ्यांकडे फोन लावून बायकोशी बोलायचा. रिसीव्हर ठेवतात तिथलं बटण तो बोटाने टकटकवायचा. सातासाठी सात टकटक, शून्याला दहा. एकही नंबर चुकायचा नाही.

मी म्हटलं, "गावडे, कुलूप आहे ना रे?"

"कुलूप डायलाक लावल्यानी. माझ्या बोटाक नाय."

मग त्याने सहज सांगितलं, "साडेनवाच्या आदी टोन मस्त गावता. सायब लोक इले काय मेलो."

एवढ्या मोठ्या ऑफिसात शहाणं निरीक्षण करणारा माणूस हाच एक, आणि तो चोरून फोन करणारा.

*

गुरुवारी सव्वानवाला मी लिलीआंटीच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. साडेनऊ झाले, साहेब लोक आले आणि बोर्डावरचे बाहेरच्या लाइनींचे दिवे पेटत गेले. एक, दोन, तीन, चार. पाच मिनिटांत सगळ्या भरल्या. विझेचनात.

"आंटी, हे बोलतायत काय इतकं?"

"मला काय ठाऊक? साहेबांच्या लाइनीवर कान लावायचा नाही, असा रूल आहे. तेरा वर्षांत एकदा नाही लावला. आता चोर मीच." तिने रुमाल काढला, पण डोळ्यांना न लावता चष्माच पुसला.

मला कसला रूल? मी तिचा हेडफोन घातला. पहिल्या लाइनीवर पंखा. दुसऱ्या लाइनीवर पंखा. तिसऱ्यावर कोणीतरी खारी बिस्किट खात होतं. चौथ्यावर घोरणं.

*

घोरण्याच्या मागावर मी थेट कारखानीसांच्या केबिनमध्ये शिरलो. साहेब खुर्चीत डोळे मिटून. टेबलावर रिसीव्हर आडवा, त्यावर नॅपकिन झाकलेला.

"साहेब, हे काय?"

"हळू," ते म्हणाले. "टोन आलाय. सांभाळून ठेवलाय, दुपारी लागेल."

बाकीचे तिघे साहेबही तेच करत होते. त्यांतलेच एक साठे, टेस्टिंग नसेल तेव्हा. जुन्या बोर्डावर टोन यायला अर्धा तास लागायचा, म्हणून आल्याआल्या ते लिलीला सांगत, "माझ्यासाठी एक लाइन धरून ठेव." आता लिलीला सांगायची सोय नाही, म्हणून स्वतःच धरून ठेवत होते. मी म्हटलं, टोन म्हणजे लोणचं नव्हे, झाकून ठेवलं तरी टिकत नाही. कारखानीसांनी नॅपकिन उचलला, रिसीव्हर कानाला लावला आणि पहिल्यांदाच ऐकलं: टोन कधीचाच गेला होता.

चौघांनी रिसीव्हर जागेवर ठेवले. चारही दिवे विझले. लिलीआंटीने इतका लांब श्वास सोडला की समोरच्या कॉलस्लिपा उडाल्या. चौबळांचा रिपोर्ट मी माझ्या हाताने फाडला, आणि त्या दिवशी कॅन्टीनचा वडा मला गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा चांगला लागला.

*

पण आंटीला काढण्याची ऑर्डर टाइप झाली होती, ती रद्द करायला कारखानीसांची सही हवी होती. शनिवारी साडेनऊला मी बोर्डाजवळच होतो. त्यांच्या एक्स्टेंशनचा दिवा लागला. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता.

"परेरा, त्या पोराने माझा टोन सोडायला लावला. आता मला लागला तर?"

आंटीने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा सारखा करून अगदी गंभीरपणे म्हणाली, "काळजी नको साहेब. तुमचा टोन माझ्याकडे ठेवलाय."



"कुणाला देऊ नका," कारखानीस म्हणाले. "आणि ती ऑर्डर फाडतो मी. तुम्ही आता कुठे जाऊ नका."