प्रकार : पाणी

पुस्तक हातात घेतलं की ते आधी त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवायचे. ती चिठ्ठी मी चिकटवलेली असायची. कादंबरीला 'का', कवितेला 'क', चरित्राला 'च'. अंगठा न हलवता ते मधलंच एखादं पान वाचायचे आणि पुस्तक काखेत मारायचे.

"चिठ्ठी बघून घ्या की काका," मी म्हणायचो.

"आधी पँट होऊ द्या सर. लेबल मागून लागतं."

तुमच्याही वाचनालयात असा एखादा सभासद असेल. आमचे हे काका कॅम्प तीनच्या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात लेबल शिवायचे. एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या पँटी थप्पीने समोर यायच्या आणि ज्या व्यापाऱ्याची ऑर्डर असेल त्याचं लेबल ते कमरेवर मारायचे. "सेठ विचारतो, साईं, ये किसका माल है? मी म्हणतो, अभी तक तो पँट है."

मी अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सला आहे आणि संध्याकाळी कॅम्प चारच्या वाचनालयात मानद ग्रंथपाल. ज्या वस्तूला खाना नाही ती समोर आली की स्टोअर्सच्या माणसाला अस्वस्थ होतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. पण सांगतोय, म्हणजे थोडा बचाव असणारच.

काकांची खोड अशी की वाचून झालेलं पुस्तक ते स्वतःच कपाटात ठेवायचे, आणि भलत्याच कपाटात. एका पुढाऱ्याचं जाडजूड चरित्र मला विनोदी साहित्यात सापडलं.

"काका, हे चुकून ठेवलंत का?"

"नाही. वाचून ठेवलंय."

भुताच्या गोष्टींचं पुस्तक आरोग्याच्या कपाटात निघालं. "आठवडाभर झोप नव्हती सर. हे वाचलं आणि लागली." मी पुस्तक परत जागेवर नेलं. कवितासंग्रह पाककृतींच्या कपाटात का ठेवला होता ते मी विचारलंच नाही. मला घरी जायला उशीर होत होता.

एकदा त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. आमचा वार्षिक वाचनाचा कार्यक्रम असतो. सभासदांनी स्वतः लिहिलेलं द्यायचं, निवडलेलं हॉलमध्ये वाचलं जातं. वहीत रोजची तारीख, नळ आल्याची वेळ आणि त्याखाली पाणी भरताना त्यांची बायको काय म्हणाली ते होतं. बस्स. काकूंचं माहेर बारवीच्या बाजूला होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. आमच्या नळाला पाणी तिथूनच येतं.

मी चाळत गेलो. "६.२०. पाणी गढूळ. म्हणाली, आमच्याकडं नांगरनी झाली वाटतं." "६.३५. म्हणाली, पान्याला चिंचेचा वास हाय. दारातल्या चिंचेचा. मी म्हटलं, औषधाचा आहे. म्हणाली, तुमाला काय कलतं." एका पानावर काकूंनी हंडा लावता लावता म्हटलेलं होतं :

माझ्या माहेराची वाट, बुडली पान्यात
पानीच येतं भेटाया, माझ्या हंड्यात

मला आवडलं होतं. हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या अज्ञानाला सूट देणार नाही.

अर्जात चार चौकोन होते : कथा, कविता, ललित, अनुभवकथन. काकांनी एकही भरला नव्हता. मी अर्ज परत दिला. त्यांनी तो तसाच पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा चौकोनांच्या खाली पेनने लिहिलं होतं, "प्रकार : पाणी".

"काका, थट्टा नको. गाणं आहे म्हणून कविता म्हणावी, तर वेळा लिहिल्यात. अनुभव म्हणावा, तर तो तुमचा नाही, काकूंचा. आणि त्यांनी लिहिलेलं नाही."

"तिला लिहिता येत नाही."

"तेच म्हणतोय मी. परीक्षक कुठल्या गटात धरतील?"

"ऐकून ठरवतील ना." मग म्हणाले, "सर, ती म्हणते माझ्या बोलण्यात लिहिण्यासारखं काय आहे. चार माणसांत कोणी वाचलं तर तिला पटेल. डायलिसिस चालू आहे. पुढच्या वर्षीचं धरून चालता येत नाही."

मी म्हटलं, "नियम आहे." तो नियम मीच केला होता.

कार्यक्रमाला दोघं आली. काकू दुसऱ्या रांगेत बसल्या. साडीची घडी त्याच दिवशी मोडलेली दिसत होती. वही घेतली नाही हे काकांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी दर वेळी नवं नाव पुकारलं की त्या पदर सारखा करून ताठ बसायच्या. नऊ वाचनं झाली. पाचव्या-सहाव्याला त्यांना डुलकी लागली. आभारप्रदर्शनाला जाग आली.

खुर्च्या उचलत होतो तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. "सायेब, माझा जरा डोला लागला. माझं झालं का वाचून?"

काका शेजारीच उभे होते.

"हो, झालं," मी म्हणालो.

"लोकं काय बोलली?"

"टाळ्या वाजवल्या."

"चिंचेचं वाचलं?"

"वाचलं."

त्या इतक्या खूश झाल्या की त्यांना उभं राहवेना, त्यांनी माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि बसल्या. काका म्हणाले, "सरांचे आभार मान." आवाजात काही नव्हतं. मी खूप शोधलं, काही नव्हतं. काकूंनी माझे आभार मानले.

चार महिन्यांनी काकू गेल्या. काका एकदाच आले, राहिलेलं पुस्तक परत करायला. ते त्यांनी मुकाट्याने बरोबर कपाटात ठेवलं. एवढं लागेल असं मला आजवर कोणी बोललेलं नाही. मग वही टेबलावर ठेवली.

"मी मुलीकडे बदलापूरला चाललोय. ही इथे असू दे."

"काका, कुठल्या कपाटात ठेवू?"

खरंच, मी हे विचारलं.

"जिथे कोणी काढून वाचेल तिथे," ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

बदलापूर इथून दोन स्टेशनं. त्यांना भेटून यायचं मी वर्षभर ठरवत होतो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं म्हणून राहिलो. मग त्यांच्या मुलीचा फोन आला आणि बोलण्याचा प्रश्नच मिटला.

वहीच्या पाठीवर चिठ्ठी नाही. ती मी वाचनालयातून घरी आणली आहे, रजिस्टरमध्ये नोंद न करता, नियमाविरुद्ध. सकाळी नळ आला की त्या तारखेचं पान काढतो आणि मोरीच्या दाराशी उभा राहून मोठ्याने वाचतो. आज पाणी गढूळ होतं. वहीतही गढूळच निघालं.

आतून बायको म्हणाली, "रोज रोज हे काय वाचता हो? कविता आहे का?"

मी म्हटलं, "आधी हंडा भरून घे."