उपाशी गोधडी

मी शिवते ते सगळं लहान असतं. चहाच्या कपाखाली ठेवायचे जाडसर चौकोन, चष्म्याची घरं, भिंतीवर टांगायचे वीतभर तुकडे. पेणला रामवाडीत आमचं घर दोन खोल्यांचं. मोठी गोधडी पसरली तर जेवायला कुठे बसायचं, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. खरं कारण जागेचं नाही. लहान गोष्ट ओंजळीत झाकता येते. दारात कोणी आलं की उशीखाली सारता येते आणि "काय चाललंय गो?" याला "काही नाही" म्हणता येतं.

शिकले मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. शाळाही इंग्रजी, त्यामुळे टाक्यांची नावं आधी इंग्रजीतच कळली. धावदोरा हा शब्द आईने सांगितला तेव्हा मी तो दिवसभर मनात घोळवत होते. पण माझा सगळ्यात आवडता टाका वेगळा आहे. कापडाच्या दोन दुमडलेल्या कडा समोरासमोर धरायच्या. सुई एकीच्या दुमडीतून चालवायची, मग दुसरीच्या, परत पहिलीच्या, आणि थोडं पुढे गेलं की दोरा हलकेच ओढायचा. दोरा आत गडप होतो आणि कडा ओठांसारख्या मिटतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. याचं मराठी नाव आईलाही माहीत नव्हतं. मी त्याला आतला टाका म्हणते. हा टाका मी इतका घातला आहे की आता हाताकडे बघावं लागत नाही.

ताईला दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ओंजळीपेक्षा मोठं काहीतरी करावं. पाळण्यात मावेल एवढी गोधडी. तान्ह्या बाळाला नवं कापड बोचतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं, हे मला ठाऊक होतं. बाबा डोलवीच्या कंपनीत कामाला. त्यांचे विटलेले आकाशी शर्ट घेतले, आईच्या पांढऱ्या-करड्या सुती साड्या घेतल्या. चौकोन कापून जमिनीवर मांडले आणि बघते तर समोर मिठागरं! काही खाचरांत पाणी, काहींत मीठ. लहानपणी बाबा आम्हाला स्कूटरवरून खाडीकडे न्यायचे तेव्हा रस्त्यावरून ती अशीच दिसायची. ताई मागे बसलेली, मी पुढे उभी. मग मुद्दाम साड्यांचे तपकिरी काठ कापून मध्ये बांध घातले.

फोनवर ताईला विचारलं, "बारशाला पाळण्यात माझी गोधडी घालशील?"

"तीच घालणार. सांगून ठेवते सगळ्यांना."

नको सांगूस, असं मला म्हणायचं होतं. पण तोवर तिने फोन ठेवला होता.

ताईचं सासर रोह्याच्या पुढे, भात आणि वाल पिकवणारं घर. आमच्या दोन खोल्यांत बाळंतीण कुठे ठेवणार, म्हणून बाळंतपण तिकडेच झालं आणि बारसंही तिकडेच. एसटीत सबंध रस्ता मी गोधडी मांडीवर धरून बसले होते. आई म्हणाली, "अगं, वर ठेव ती पिशवी." मी ठेवली नाही.

पडवीत पाळणा सजलेला. खाली चटईवर बायका बसलेल्या, घुगऱ्यांचा वास सुटलेला. आईने गोधडी काढून मध्ये ठेवली आणि मी सवयीने दाराआड गेले.

भावजींच्या थोरल्या काकींनी ती उचलली. भात झोडून झालं की काकी दरवर्षी गोधड्या घालायला बसतात. त्या वाडीत त्यांच्या हातची गोधडी नाही असं घर नाही.

"पेणवरून आली काय ही?"

"माझ्या धाकटीनं शिवली," आई म्हणाली.

"मशीनवर?"

"नाही हो, हातानं."

काकींनी ती उजेडात धरली. "टाका बारीक हाय हो पोरीचा."

दाराआड मी श्वास सोडला. मग त्यांनी एक कोपरा बोटांत चोळला. दुसरा चोळला. तिसरा, चौथा. आणि गोधडी परत चटईवर ठेवली.

"उपाशी हाय गो ही."

त्या घराची रीत मला तेव्हा कळली. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात आपल्या शेतातले चिमूटभर तांदूळ घालायचे. रिकाम्या गोधडीवर निजलेलं मूल भुकेनं रडत राहतं.

"काकी, असू दे ना," ताई म्हणाली. "आमच्याकडे पेणला नाय घालत."

"पेणला काय करतात ते पेणला. पोर या घरची हाय."

कोपऱ्यात दुकानातून आणलेली गुलाबी गादी होती, मखमली, वर चेनवाली मच्छरदाणी. ती घाला म्हणून काकींनी हात केला.

"तिला कोणी जेवायला वाढलंय?" मागून एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"ती दुकानातली," काकी शांतपणे म्हणाल्या. "तिचा आपला काय संबंध? घरच्या हातची म्हटली की वाढायलाच लागतं." मग माझ्या गोधडीवर तळहात फिरवून म्हणाल्या, "आता उसवली तर कड वाकडी होईल. भिंतीला लावा. शोभेची हाय."

शोभेची. माझं सगळंच शोभेचं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं? मी ताईकडे पाहिलं. ती बाळाला थोपटत होती, पण नजर गोधडीवर होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"काकी, तांदूळ द्या."

आवाज इतका बारीक निघाला की कोणाला कळलाच नाही.

"काय म्हणते ती?"

मी दाराआडून बाहेर आले. "तांदूळ द्या थोडे. सुईदोरा आहे माझ्याकडे."

"आता? पाळण्याची वेळ झाली."

"बाळाची आत्या यायची आहे ना अजून? ती येईपर्यंत होईल."

आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? काकी उठल्या आणि आतून मुठीत तांदूळ घेऊन आल्या.

मी चटईच्या मधोमध बसले. एवढ्या बायकांनी माझ्याकडे एकदम बघितल्याचं मला आठवत नाही. गोधडीची पायाकडची कड उसवली. बाळाला टोचू नयेत म्हणून रुमालाची चिंधी फाडून तांदूळ तिच्यात बांधले, पुरचुंडी कोपऱ्यात सारली आणि कडा समोरासमोर धरल्या. हाताकडे बघावं लागलं नाही. एक दुमड, दुसरी दुमड. मग दोरा ओढला.

"आयो!" शेजारची बाई म्हणाली.

काकींनी गोधडी ओढूनच घेतली. तांदूळ बोटांना लागत होते, म्हणजे कोपरा कळत होता. आत गेले कुठून ते कळेना. त्यांनी चष्मा लावला. अंगणात उन्हात जाऊन बघितलं. मागून दोघी-तिघी गेल्या, कड नखाने खरवडून झाली.

"कुठून घातलंस गो?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. असं उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

काकी पडवीत परत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दार नाय, खिडकी नाय, आन् घरात धान्य! हात हाय पोरीला." मग कोणाच्याही हातात न देता त्यांनी स्वतः ती पाळण्यात अंथरली आणि चारी बाजूंनी सारखी केली.

आत्या आली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाळणा हलला. आणि माझ्या भाचीने पहिलं काम काय केलं, तर गोधडी ओली केली.

"मिठागरात पाणी शिरलं," ताई माझ्या कानाशी कुजबुजली. इतक्या महिन्यांत मी तिला नक्षीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिने बघताक्षणी ओळखलं होतं! आम्ही दोघी इतक्या हसलो की आईने डोळे वटारले.

जेवणं झाल्यावर निघायची तयारी चालली होती. तेवढ्यात काकींनी आपली एक जुनी गोधडी आणून पडवीभर पसरली. एका बाजूची कड पार उसवलेली.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "दाखव कसा घालतेस."

बायका भोवती सरकल्या. एवढी मोठी गोधडी कुठल्याच उशीखाली मावली नसती. मी सुईत दोरा ओवला.

"नीट बघा हं काकी," मी म्हणाले, आणि या वेळी आवाज पार अंगणापर्यंत गेला. "एकदा ओढला की दिसणार नाही."